लहान बागेत बुटका बीच लावावा का? जात, जागा आणि निगा

अंगणवेल

नमस्कार. घरामागे साधारण पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद एवढा मोकळा तुकडा आहे. तिथे एकच, पण वर्षभर पाहत राहावे असे झाड लावण्याचा विचार आहे. आमच्याकडे हिवाळा चांगला थंड असतो आणि आजूबाजूच्या मोठ्या बागांमध्ये बीचची (थंड हवेत वाढणाऱ्या पानगळीच्या वृक्षाची) जुनी झाडे उत्तम वाढलेली आहेत, त्यामुळे हवामानाची शंका नाही. शंका आहे ती आकाराची. साधा युरोपीय बीच तीस-चाळीस मीटर उंच जातो आणि त्याचा घेरही तेवढाच दांडगा असतो, म्हणून बुटक्या जातींची चौकशी केली. रोपवाटिकेत 'बुटका' म्हणून तीन वेगवेगळी रोपे दाखवण्यात आली. त्यांपैकी एक छत्रीसारखे खाली झुकणारे होते, दुसरे काठीसारखे सरळसोट होते आणि तिसऱ्याची पाने नखाएवढी लहान होती. तिन्ही बुटकीच असतील तर त्यांत एवढा फरक कसा, हे कळले नाही. जागेवर दुपारपर्यंत ऊन असते. माती चिकट आहे. पाने जांभळी असावीत अशी घरच्यांची इच्छा आहे. कोणती जात घ्यावी, भिंतीपासून किती अंतर ठेवावे आणि पुढे दरवर्षी छाटणीच्या मागे लागावे लागेल का, याबद्दल अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

खोडवा

अंगणवेल, सर्वप्रथम उंचीचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि रुंदीचा करा. लहान बागेत झाड वर किती गेले याने फारसे अडत नाही. आडवे किती पसरले याने अडते. आणि लेबलवरचा आकार वाचताना तो किती वर्षांनंतरचा आहे हे अवश्य पाहा, कारण तिथे बहुधा दहा वर्षांनंतरची उंची लिहिलेली असते. बीच हे शे-दोनशे वर्षे जगणारे झाड आहे. दहाव्या वर्षी ते कुठे बाळसे धरू लागलेले असते.

दुसरी गोष्ट अशी की, सफरचंदाच्या बाबतीत जसे खुंटावर (मुळे पुरवणाऱ्या खालच्या रोपावर) कलम करून झाड ठेंगणे ठेवता येते, तसा ठेंगणा ठेवणारा खुंट बीचला उपलब्ध नाही. नावाच्या जवळजवळ सर्व जाती साध्या युरोपीय बीचच्या रोपावर कलम केलेल्या असतात आणि तो खुंट पूर्ण जोमाचा असतो. ठेंगणेपणा जो काही आहे तो वरच्या जातीच्या स्वभावातच असावा लागतो. म्हणून 'बुटका' या एका शब्दाखाली तुम्हाला तीन वेगळ्या प्रकृतीची झाडे दाखवली गेली.

काठीसारखे दिसले ते 'डॉइक' गटातले असावे. मूळ 'डॉइक' हे सरळ वाढणारे झाड स्कॉटलंडमधील डॉइक येथे १८६० च्या सुमारास सापडले. त्याच्याच रोपांमधून १९६९ मध्ये नेदरलंड्समध्ये 'डॉइक पर्पल' आणि 'डॉइक गोल्ड' निवडण्यात आले. तरुणपणी ही झाडे इतकी सडपातळ असतात की कोणीही मोहात पडावे, पण ती पंधरा मीटरच्या पुढे जातात आणि वय वाढले की मध्यभागी जाडही होतात. त्यांना अरुंद म्हणावे, बुटके म्हणू नये. तुमच्या जागेसाठी माझे मत त्यांच्या विरोधात आहे.

छत्रीसारखे असेल ते 'पर्प्युरिया पेंड्युला'. त्याचे कलम उंच खोडावर केलेले असते आणि तिथून फांद्या थेट खाली येतात. झाडाची उंची कलम किती उंचावर केले आहे यावरच जवळजवळ ठरते, वर्षांनुवर्षे ते तीन-चार मीटरच्या आत राहते, आणि घेर मात्र हळूहळू उंचीच्या बरोबरीला येतो. 'पर्पल फाउंटन' हे त्याचेच अपत्य. १९७५ च्या सुमारास नेदरलंड्समधून ते बाजारात आले. त्याला स्वतःचा शेंडा असतो, फांद्या बाजूने झुकतात, म्हणून ते उंच पण अरुंद राहते. साधारण सहा ते आठ मीटर उंची आणि त्याच्या निम्म्याच्या आत रुंदी धरून चालावे. लहान पानांचे बहुधा 'कॉकलशेल' असेल. ते संथ वाढते, परंतु हिरवे आहे आणि अखेरीस बऱ्यापैकी झाड होते.

जांभळा रंग, चार मीटरची रुंदी आणि छाटणीचा कंटाळा या तिन्ही अटी एकत्र घेतल्या तर मी 'पर्पल फाउंटन' घेईन.

सावलीचे गणित

खोडवा यांच्याशी बहुतेक बाबतीत सहमत आहे, मात्र एक बाजू मांडायची राहिली आहे. कलमी रोप महाग असते, संथ वाढते आणि त्याचे एक जरी अंग वाळले तरी आकार बिघडतो. याउलट साध्या बीचची रोपे छाटणीला इतकी उत्तम प्रतिसाद देतात की शतकानुशतके त्यांची कुंपणे केली जात आहेत. तीस ते पंचेचाळीस सेंटीमीटर अंतरावर रोपे लावून कुंपण दीड-दोन मीटरवर राखले, तर बीच लहान बागेत सहज मावतो. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात एकदा छाटणी केली की वर्षाचे काम संपते. शिवाय छाटलेला बीच हिवाळ्यात पाने टाकत नाही. ती वाळून तांबूस होतात आणि नवी पालवी येईपर्यंत फांदीवरच राहतात. मोठ्या झाडावर हे दिसत नाही. कोवळ्या आणि वरचेवर छाटल्या जाणाऱ्या भागावरच दिसते. वर्षभर पाहत राहावे असे झाड हवे असेल तर ही बाब दुर्लक्षिण्यासारखी नाही.

जांभळ्या पानांची रोपेही कुंपणासाठी मिळतात, मात्र ती बियांपासून वाढवलेली असल्याने त्यांच्या छटेत थोडाफार फरक राहतो. मला स्वतःला तो फरक आवडतो, पण एकसारखा रंग हवा असणाऱ्यांनी ते आधीच जाणून घ्यावे.

खोडवा

कुंपणाबद्दल दुमत नाही. मात्र त्यांनी 'एकच झाड' असे लिहिले आहे, आणि दरवर्षी छाटणी टाळण्याचीही इच्छा व्यक्त केली आहे. ज्याला दरवर्षी शिडी लावून कात्री चालवायची हौस आहे त्याला साधा बीच, आणि ज्याला ती नाही त्याला संथ जात, एवढाच खरा फरक आहे.

वाफसा

जातीची चर्चा रंगली आहे, पण मूळ प्रश्नातील 'माती चिकट आहे' हे तीन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. चुन्याची जमीन असो की किंचित आम्ल, बीच दोन्हींत आनंदाने वाढतो. त्याला न चालणाऱ्या गोष्टी दोनच आहेत, आणि त्या म्हणजे तुंबलेले पाणी व तुडवून घट्ट झालेली माती. त्याची तंतुमुळे वरच्या थरात, अगदी पृष्ठभागालगत पसरतात आणि ती बुरशीच्या सहवासात अन्न घेतात. हवा न मिळालेल्या मातीत आधी ही मुळे गुदमरतात आणि मग वरचा शेंडा वाळू लागतो. तेव्हा लोक औषधे फवारत बसतात.

म्हणून रोप आणण्याआधी निचऱ्याची परीक्षा घ्या. हातभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरा, पाणी जिरू द्या, मग पुन्हा भरून पातळी किती वेगाने उतरते ते पाहा. तासाला अडीच सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक उतरली तर चिंता नाही. सेंटीमीटरभरही उतरली नाही तर त्या जागी खड्डा करून बीच लावू नका. पुष्कळ जण अशा वेळी खड्डा मोठा करतात आणि त्यात भुसभुशीत माती व खत भरतात. भोवतालची माती चिकटच राहिल्यामुळे पावसाचे पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात येऊन साचते आणि मुळे ऐन डबक्यात सापडतात. त्याऐवजी वीस-तीस सेंटीमीटर उंचीचा, दोन-अडीच मीटर रुंदीचा पसरट उंचवटा करावा आणि रोप त्यावर लावावे. चिकट मातीत थोडीथोडकी वाळू मिसळण्याचा उपद्व्यापही करू नये, त्याने माती अधिकच घट्ट होते. कुजलेला पालापाचोळा वरून पसरत राहणे हाच लांबचा पण खात्रीचा मार्ग आहे.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. वाफसा यांनी सांगितल्याप्रमाणे खड्डा करून पाहिला. पाणी उतरते, पण फार सावकाश. तासाला जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर. म्हणजे उंचवटा करणे आलेच. रोप कधी लावावे आणि कुंडीतले घ्यावे की उघड्या मुळांचे, हेही सांगावे. झाडाखाली हिरवळ राहील का, असाही एक प्रश्न घरातून आला आहे.

वाफसा

पाने गळून गेल्यापासून डोळे (फांदीवरच्या पालवीच्या कळ्या) फुगू लागेपर्यंतचा काळ लागवडीला योग्य, आणि त्यातही हिवाळ्याच्या सुरुवातीचा अधिक चांगला. उघड्या मुळांची रोपे कुंपणासाठी ठीक असतात, परंतु बीचची मुळे उघड्यावर फार लवकर सुकतात, त्यामुळे ती आणल्याबरोबर लावावी लागतात. कलमी रोप बहुधा कुंडीत किंवा मुळांच्या गोळ्यासह मिळते. कुंडीतून काढल्यावर मुळे गोल फिरलेली दिसली तर ती हलक्या हाताने मोकळी करावीत. खोड जिथे रुंदावून मुळांना मिळते तो भाग जमिनीच्या पातळीत दिसत राहिला पाहिजे. खोल लावलेला बीच वर्षानुवर्षे कुढत राहतो.

लावल्यानंतर पाच ते आठ सेंटीमीटर जाडीचे आच्छादन करावे, पण ते खोडाला टेकू देऊ नये. पहिले दोन-तीन उन्हाळे दर आठवड्याला आळे भरून सावकाश पाणी द्यावे; रोज शिंपडलेले पाणी वरच्या वर वाळून जाते. खताची घाई करू नये.

हिरवळीचा नाद सोडून द्या. बीचची सावली दाट असते आणि मुळे वरच असतात, त्यामुळे गवत तग धरत नाही. गवत कापण्याच्या यंत्राचा धक्काही त्याच्या पातळ सालीला सोसत नाही. पालवी फुटण्याआधी ज्यांचा बहर आटोपतो असे स्नोड्रॉपसारखे कंद तिथे लावता येतील. पण तेही झाड लहान असतानाच लावून घ्यावेत, नंतर मुळांमध्ये खणू नये.

अक्षरपान

अंतराबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. झाडाच्या पूर्ण वाढलेल्या घेराच्या निम्मे अंतर भिंतीपासून हवे हा साधा नियम, आणि त्यात वावरण्यापुरती जागा वाढवावी. 'पर्पल फाउंटन'साठी अडीच मीटर सोडले तर चार मीटर रुंदीच्या तुकड्यात ते मध्याच्या थोडे पलीकडे येते. शेजाऱ्याच्या हद्दीकडेही तेवढीच जागा उरते का ते पाहा. जागेवर दुपारपर्यंत ऊन आहे हे चांगले, कारण जांभळी पाने सावलीत मळकट हिरवी पडतात. पिवळ्या जातीचे उलटे आहे. कडक ऊन आणि कोरडी माती एकत्र आली की तिच्या पानांच्या कडा करपतात.

कुंडीकार

ज्यांच्याकडे एवढीही जमीन नाही त्यांच्यासाठी कुंडीचा पर्याय मांडतो. बीच कुंडीत वर्षानुवर्षे ठेवता येतो. जपानी बीच, म्हणजे फॅगस क्रेनाटा, बोन्सायमध्ये फार पूर्वीपासून मानाचे स्थान मिळवून आहे, आणि युरोपीय बीचही त्याच पद्धतीने वाढवला जातो. मात्र त्यासाठी बीचच्या वाढीची एक खोड समजून घ्यावी लागते. हिवाळ्यात फांदीवर जे लांब, टोकदार, तांबूस डोळे दिसतात, त्या प्रत्येकात पुढच्या वर्षीचा कोंब पानांसकट घडी घालून तयार असतो. ही तयारी आदल्या उन्हाळ्यातच झालेली असते. त्यामुळे वसंतात बीच आठवड्या-दोन आठवड्यांत आपली बहुतेक वाढ उरकून टाकतो आणि मग बराचसा स्वस्थ बसतो.

याचे दोन परिणाम होतात. उन्हाळ्यात पाण्याचा ताण पडला तर त्याची खरी शिक्षा पुढच्या वर्षी, आखूड कोंब आणि तोकड्या पालवीच्या रूपाने दिसते. लोक मात्र त्या वर्षीच्या हवामानाला दोष देतात. दुसरे असे की झाड लहान ठेवण्याची उत्तम वेळ म्हणजे डोळा उलगडत असतानाची. कोंब अजून मऊ आहे, पानांच्या कडेला रेशमी लव आहे, अशा वेळी पहिली दोन पाने ठेवून पुढचा शेंडा बोटांनी खुडावा. दोन-चार दिवस उशीर झाला की कोंब लांबून गेलेला असतो आणि मग कात्री घ्यावी लागते.

कुंडीतले झाड दोन-तीन वर्षांनी, डोळे फुटण्याच्या अगदी आधी, बाहेर काढून मुळे थोडी छाटावीत व माती बदलावी. कडाक्याच्या थंडीत कुंडीतली मुळे गोठू शकतात, जमिनीतली सहसा नाही. म्हणून कुंडीला आडोसा हवा.

वनवाचन

विषय बुटक्या बीचचा आहे आणि निसर्गाने स्वतः घडवलेल्या बुटक्या बीचचा उल्लेख नाही, हे बरे नव्हे. फ्रान्समध्ये रीम्सजवळ वेर्झी येथे वाकड्यातिकड्या बीचचे प्रसिद्ध वन आहे. तशीच झाडे जर्मनीत झ्युंटेल टेकड्यांमध्ये, तसेच डेन्मार्क व स्वीडनमध्येही आढळतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना फॅगस सिल्व्हॅटिकाचा, म्हणजे युरोपीय बीचचा, 'टॉर्टुओसा' गट म्हणतात. फांद्या नागमोडी वळणे घेत जमिनीकडे येतात आणि झाड उंच होण्याऐवजी घुमटासारखे पसरत जाते. एकमेकींना टेकलेल्या फांद्या कालांतराने जुळून एक होतात. हिवाळ्यात, पाने नसताना, तो सांगाडा पाहण्यासारखा असतो. बियांपासून केलेल्या रोपांपैकी काहीच वाकडी निघतात, उरलेली सरळ साधी, त्यामुळे खात्रीचे रोप हवे असेल तर कलमच घ्यावे लागते.

मात्र अंगणवेल यांनी या गटाच्या वाटेला जाऊ नये. उंची कमी असली तरी पसारा मोठा असतो. जंगलातील बुटके झाड लहान बागेला साजेलच असे नाही, हे त्यावरून कळते.

नवशिका

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमच्याकडे हिवाळा म्हणजे थोडा गारवा एवढाच. कुंडीत, सावलीत, रोज पाणी देऊन बुटका बीच जगेल का?

कुंडीकार

जगवण्याचा प्रयत्न करता येईल, पण सल्ला देणार नाही. बीचच्या डोळ्यांना फुटण्यासाठी आधी पुरेशी थंडी आणि मग लांबत जाणारे दिवस, असे दोन्ही संकेत लागतात. थंडी अपुरी पडली तर डोळे उशिरा आणि अर्धवट फुटतात, आणि झाड साठवलेल्या अन्नावर एक-दोन वर्षे काढून क्षीण होत जाते. सावली आणि पाणी यांनी उन्हाळ्याचा दाह कमी होईल. हिवाळ्याची उणीव भरून निघणार नाही. त्यापेक्षा आपल्या हवेत रमणारे, छाटणी सोसणारे झाड निवडलेले बरे.

सावलीचे गणित

रोगांविषयी दोन शब्द लिहितो, कारण रोप विकत घेताना ते कामी येतील. वसंताच्या अखेरीस कोवळ्या पानांखाली पांढऱ्या कापसासारखे तंतू दिसतात. तो बीचचा लोकरी मावा. पान उलटे करून बोट फिरवले की मेणकट पांढरा थर निघतो आणि खाली फिकट हिरवे किडे दिसतात. पाने किंचित आक्रसतात, चिकट होतात, पण झाड त्यातून सावरते; औषधाची गरज सहसा पडत नाही. खोडाच्या सालीवर पांढरे ठिपके दिसले तर ती खवले कीड समजावी. लहान झाडावर ती मऊ ब्रशने पाणी लावून काढता येते आणि काढावीही, कारण तिने केलेल्या छिद्रांतून बुरशी शिरते. उत्तर अमेरिकेत ही कीड १८९० च्या सुमारास नोव्हा स्कोशियात पोहोचली आणि पुढे तिथल्या बीचच्या जंगलांची मोठी हानी झाली.

अधिक गंभीर म्हणजे पानांचा नवा रोग. तो प्रथम २०१२ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात दिसला आणि पुढे त्यामागे सूत्रकृमी (दोऱ्यासारखे अतिसूक्ष्म कृमी) असल्याचे स्पष्ट झाले. हे सूत्रकृमी डोळ्यांत शिरून हिवाळा काढतात, म्हणून पान उलगडते तेच रोगट. शिरांच्या मधले पट्टे गडद आणि जाड झालेले असतात. पान प्रकाशासमोर धरून खालून पाहिले की ते स्पष्ट दिसतात. युरोपीय बीचलाही हा रोग होतो. जांभळ्या पानांवर पट्टे चटकन लक्षात येत नाहीत, त्यामुळे उत्तर अमेरिकेत राहणाऱ्यांनी रोप पानांवर असताना, उजेडात नीट पाहूनच घ्यावे.

अंगणवेल

घरात चर्चा होऊन 'पर्पल फाउंटन' नक्की केले आहे. उंचवट्याचे काम सुरू केले असून हिवाळ्याच्या तोंडावर लागवड करणार आहे. शेवटचा प्रश्न असा की, रोपवाटिकेतल्या रोपाला शेंड्यापर्यंत बांबूची काठी बांधलेली आहे. ती लावताना काढून टाकावी का? आणि खोडाच्या तळाशी एक फुगवटा आहे, त्याच्या खाली एक हिरवा कोंब आलेला दिसतो. तो रोगाचा तर नव्हे?

खोडवा

रोग नाही. फुगवटा हा कलमाचा जोड आहे, आणि त्याखालून आलेला हिरव्या पानांचा कोंब खुंटाचा आहे. तो साध्या बीचचा असल्यामुळे वरच्या संथ जातीपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो आणि दुर्लक्ष झाले तर सारे झाड बळकावतो. कोवळा असतानाच तो मुळापासून ओढून काढा. कात्रीने वरवर कापला तर बुंध्याशी राहिलेल्या डोळ्यांतून पुन्हा फुटतो. दरवर्षी वसंतात आणि उन्हाळ्यात एकदा खाली वाकून तेवढे पाहत जा. लागवड करताना हा जोड मातीखाली जाऊ देऊ नका.

काठी मात्र काढू नका. झुकणाऱ्या जातींचा शेंडा कोवळा असताना कलतो आणि तो कलला की उंची तिथेच थांबते. हवी ती उंची गाठेपर्यंत शेंडा काठीला बांधत जा. खालचा भाग ताठ झाला की तिथले बंध सोडत वर सरका. बंध रुंद आणि मऊ असावेत, तारेचे नकोत, आणि वर्षातून दोनदा सैल करावेत, कारण बीचची साल पातळ असल्याने त्यावर उमटलेला वळ पुढे वर्षानुवर्षे तसाच दिसतो. तीन मीटरवर शेंडा मोकळा सोडलात तरी तुमच्या जागेला पुरेसे झाड होईल. त्याहून उंच हवे असेल तर आणखी काही वर्षे बांधत राहा. खालच्या फांद्या जमिनीला टेकू लागल्या तर टोके थोडी आखूड करायला हरकत नाही, पण जाड फांद्यांना हात लावू नका. बीचचा मोठा घाव लवकर भरत नाही आणि तिथून खोड कुजायला सुरुवात होते.